डिकोडर गेला, असं ठरवण्याआधी

मॉडेल रेल्वेच्या हँडसेटवर सांधा, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारा रूळ, निवडायचा, बटण दाबायचं. स्क्रीनवरचं चिन्ह वळलेलं दिसतं आणि लेआउटवर रूळ मात्र जिथल्या तिथे. पुन्हा दाबायचं. टेबलाखालून ना खट्, ना टक्. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत मनात निकाल लागलेला असतो की डिकोडर, म्हणजे हुकूम ऐकून सांधा वळवणारा टेबलाखालचा बोर्ड, गेला.

माझाही असाच लागला होता. नवा डिकोडर बसवला, तोही गप्प. मग हा लॉटच खराब असणार अशी स्वतःची समजूत घालून आणखी एक बसवला. दोन दिवसांनी टेबलाखाली उताणा पडून टॉर्च मारला तेव्हा दिसलं की डीसीसीची (डिजिटल कमांड कंट्रोल या पद्धतीची) एक वायर टर्मिनलच्या स्क्रूखाली घट्ट दाबलेली आहे, पण तांब्यावर नाही, वरच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर. माझ्या डिकोडरचं टर्मिनल उपटून काढता येतं, त्यामुळे वायर न सोडता तेच टर्मिनल मी तिन्ही डिकोडरना लावत गेलो होतो. वायर ओढून पाहिली तर हलत नव्हती, म्हणून ती जोडलेली आहे असं मी धरून चाललो होतो.

तेव्हापासून माझ्या लेखी डिकोडर हा सगळ्यात शेवटचा संशयित. खालचा सगळा क्रम त्याच हिशोबाने लावलेला आहे.

आधी एवढं समजून घ्या

डीसीसीमध्ये एकाच जोडीच्या वायरमधून वीजही जाते आणि हुकूमही. ही पद्धत मूळची जर्मनीतल्या लेंझ कंपनीची. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या संघटनेने १९९०च्या दशकात तिच्यावर आधारलेली मानकं स्वीकारली. म्हणून तर एका कंपनीचं कमांड स्टेशन (हुकूम पाठवणारं यंत्र) दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरला हुकूम देऊ शकतं. रुळांमधला प्लस-मायनस सतत उलटत असतो. अर्धं आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचं असलं तर तो १, आणि १०० किंवा त्याहून लांब असलं तर ०. प्रत्येक हुकुमाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही तर डिकोडर अख्खा हुकूम मुकाट्याने टाकून देतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही बिघाड शोधताना कामाला येतात. पहिली म्हणजे साधा ॲक्सेसरी डिकोडर (इंजिन नव्हे, तर सांधे-सिग्नल चालवणारा) उलट उत्तर देत नाही. स्क्रीनवर दिसतं ते कमांड स्टेशनने काय पाठवलं ते. सांधा खरंच वळला की नाही हे त्याला ठाऊकच नसतं. दुसरी म्हणजे सिग्नलमध्ये खरखर असली तर सांधा सहसा चुकीचा वळत नाही, वळतच नाही. एखादा सांधा आपोआप वळत असेल तर वायरिंगच्या आधी दुसरीकडे पाहायला हवं. त्याबद्दल पुढे सांगतो.

पायरी १: काहीही न उघडता नमुना पाहा

वही घ्या आणि सगळे सांधे-सिग्नल एकेकदा दोन्ही बाजूंना चालवून लिहून ठेवा. हे दहा मिनिटांचं काम टाळून लोक तासन् तास घालवतात.

एका डिकोडरच्या चार आउटपुटपैकी एकच बंद असेल, तर पत्ता (डिकोडरला दिलेला नंबर), वीज आणि बसची, म्हणजे सगळ्या डिकोडरना जोडणारी मुख्य, वायर या तिघांवरचा संशय जवळपास उडाला. दोष आउटपुटपासून मोटरपर्यंतच्या पट्ट्यात आहे. चारही बंद असतील तर तो वीज किंवा पत्त्याचा प्रश्न. शेजारशेजारचे दोन-तीन डिकोडर एकदम गप्प झाले असतील तर बस कुठेतरी तुटली आहे किंवा बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारं यंत्र, उडाला (शॉर्टमुळे स्वतःहून बंद झाला) आहे. सांधा एकाच बाजूला जातो आणि परत येत नाही, असं असेल तर मोटरकडे बघा. आणि सगळं कधी चालतं, कधी नाही, असं असेल तर चहा ठेवा. ते प्रकरण लांबतं.

आणखी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: बिघाड होण्याआधी मी शेवटचं काय केलं होतं? नवा डिकोडर प्रोग्रॅम केला, खडी चिकटवली, एखादी वायर हलवली? बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

पायरी २: वीज पोचते का

वायर सोडताना-जोडताना पॉवर बंद, हे आधीच सांगून टाकतो. मल्टिमीटर करंटच्या रेंजवर ठेवून रुळांवर टेकवू नका. तो थेट शॉर्टच होतो.

डीसीसीचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरवर बरोबर दिसत नाही. मीटर ५० किंवा ६० हर्ट्झच्या एसीसाठी बनवलेला, आणि इथे फ्रिक्वेन्सी साधारण ५ ते ८.६ किलोहर्ट्झ. त्यामुळे एसी रेंजवर १३ दिसलं की १७, याला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो तुलनेला. आधी कमांड स्टेशनच्या टर्मिनलवर मोजा, मग त्याच मीटरने, त्याच रेंजवर डिकोडरच्या टर्मिनलवर. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. खरा आकडाच हवा असेल तर एक छोटा ब्रिज रेक्टिफायर डीसीसीला लावून त्याच्यामागे डीसी मोजा आणि त्यात डायोडांचे साधारण १.४ व्होल्ट मिळवा.

मोजताना टोकं वायरवर नाही, टर्मिनलच्या स्क्रूवरही नाही, तर शक्यतो बोर्डावरच्या टर्मिनलच्या पिनवर टेकवा. माझ्या स्क्रूखालच्या वायरचं सोंग तिथेच उघडं पडलं असतं.

नुसतं मोजून थांबू नका, सांधा फेकत असताना मोजा. शांत असताना दोन्हीकडे १५ आणि हुकूम देताच डिकोडरपाशी ९, असं झालं तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. सोलेनॉइड मोटरवाल्यांनी (कॉइलच्या धक्क्याने सांधा फेकणारी मोटर) हा हिशोब एकदा करून बघावा: ०.२ चौरस मिलिमीटरची वायर ५ मीटर जाऊन ५ मीटर परत आली की तिचा रोध सुमारे ०.९ ओहम होतो. त्यातून ३ अँपिअर ओढले की अडीच व्होल्टच्या वर वायरमध्येच गेले. कॉइलचा स्वतःचा रोध मुळात चार-पाच ओहम. मग लांबचा सांधा अर्धवट का वळतो, हे कोडं राहत नाही.

बूस्टरची परीक्षा नाण्याने होते. डिकोडर जिथे बसला आहे त्या भागात, सगळ्यात दूरच्या टोकाला रुळांवर आडवं नाणं ठेवा. बूस्टर लगेच उडायला हवा. नाणं तापेपर्यंत तो तग धरत असेल तर त्या भागाची वायरिंग कमकुवत आहे आणि डिकोडरकडे जाण्याआधी तिचंच काम काढा.

इथे एक जुना सापळा आहे. इंजिन विरुद्ध वळलेल्या सांध्यावर चढतं, धातूच्या फ्रॉगपाशी (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) शॉर्ट होतो, बूस्टर सगळी वीज तोडतो. आता सांधा वळवला तर शॉर्ट सुटेल, पण सांधा वळवणारा डिकोडर त्याच रुळांवरून वीज घेतो, आणि ती तर गेली. बाहेरून हे हुबेहूब डिकोडर मेल्यासारखं दिसतं. इंजिन हाताने मागे सरकवून पाहा. सगळं पुन्हा चालू झालं तर डिकोडर निर्दोष. कायमचा उपाय म्हणजे ॲक्सेसरी डिकोडरसाठी वेगळी बस, वेगळ्या सर्किट ब्रेकरमागे किंवा वेगळ्या बूस्टरवर.

बाहेरून अडॅप्टर लागणारा डिकोडर असेल तर तोही मोजा, तोही भार असताना. एकाच डीसी अडॅप्टरवर अनेक डिकोडर जोडणार असाल तर माहितीपुस्तिकेत तशी परवानगी आहे का ते आधी वाचा. काही बोर्डांमध्ये अडॅप्टरची मायनस बाजू आणि डीसीसी आतून जोडलेली असते, आणि दोन बोर्ड एकत्र आले की आडवाटेने शॉर्ट होतो.

पायरी ३: पत्ता, आणि चारचा घोळ

माझ्या मते "मेलेल्या" डिकोडरांपैकी सगळ्यात जास्त इथे जिवंत होतात.

साध्या ॲक्सेसरी डिकोडरचा पत्ता ९ बिटांचा असतो आणि प्रत्येक पत्त्यामागे चार जोड्या, म्हणजे चार सांध्यांची आउटपुट. हँडसेटवर मात्र आपण सांध्यांचे सरळ नंबर टाकतो: १ ते ४ पहिल्या डिकोडरचे, ५ ते ८ दुसऱ्याचे. सांधा ३७ घ्या. त्यातून १ वजा केला की ३६, त्याला ४ने भागलं की ९, बाकी शून्य. दोन्हींत १ मिळवला की उत्तर आलं: १०वा डिकोडर, पहिलं आउटपुट. ४० नंबर त्याच डिकोडरचं चौथं, ४१ पुढच्याचं पहिलं.

गोम अशी की काही कमांड स्टेशनं डिकोडर ०पासून मोजतात, काही १पासून. त्यामुळे एका सिस्टिमवर ३७ला ऐकणारा डिकोडर दुसरीवर ३३ला किंवा ४१ला ऐकतो. सिस्टिम बदलल्यावर, किंवा दुसऱ्याकडे प्रोग्रॅम केलेला डिकोडर आणल्यावर तो गप्प असेल, तर सर्वात आधी अपेक्षित नंबरात ४ मिळवून आणि ४ वजा करून पाहा. याला एक मिनिट लागतं.

बटण दाबून पत्ता शिकवायचे डिकोडर सोयीचे खरे, पण शिकण्याच्या अवस्थेत असताना जो पहिला सांध्याचा हुकूम बसवर येईल तो ते आपला समजतात. शेजारी कॉम्प्युटरवर लेआउटचं सॉफ्टवेअर चालू असेल आणि त्याने त्याच क्षणी दुसराच सांधा फेकला, तर डिकोडर तोच पत्ता धरून बसतो. शिकवताना बाकी सगळं बंद ठेवा, आणि बटण किंवा जंपर परत जागेवर आला का तेही पाहा.

हुकुमाची भाषाही जुळायला हवी. मार्कलिन कंपनीचा जुना के८३ डिकोडर डीसीसी जाणत नाही, तो मोटोरोला फॉरमॅटवर चालतो. अनेक कमांड स्टेशनं दोन्ही भाषा बोलतात, पण ॲक्सेसरीसाठी कोणती, हे सेटिंगमध्ये निवडावं लागतं. फर्मवेअर अपडेटनंतर ते सेटिंग पुन्हा एकदा पाहून घेतलेलं बरं. डिपस्विचवाले (छोट्या स्विचांच्या ओळीने पत्ता ठरवायचे) जुने डिकोडर वर्षानुवर्षं न हलवता पडून असतील तर प्रत्येक स्विच दहा-बारा वेळा पुढेमागे करा. आतल्या संपर्कावर चढलेला थर त्याने निघतो.

आता प्रोग्रॅमिंग ट्रॅकविषयी, म्हणजे डिकोडरची सेटिंग लिहायच्या वेगळ्या रुळाविषयी. तिथे डिकोडर "समजलं" हे सांगण्यासाठी सुमारे ६ मिलिसेकंद निदान ६० मिलिअँपिअर जास्त करंट ओढतो. इंजिनाच्या डिकोडरला मोटर जोडलेली असल्याने हे सहज जमतं. ॲक्सेसरी डिकोडर आउटपुटला काहीच न लावता ठेवला तर अनेकदा ओढायला काही नसतंच, आणि हँडसेट एरर दाखवतो. त्या एररचा अर्थ एवढाच की उत्तर ऐकू आलं नाही. सेटिंग लिहिलं गेलेलं असू शकतं. पुस्तिकेत सांगितलेल्या आउटपुटला मोटर जोडून पुन्हा प्रयत्न करा.

पत्ता सीव्ही १ आणि सीव्ही ९मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली सेटिंग साठवायची क्रमांकित जागा) असतो, जुन्या पुस्तिकांमध्ये त्यांनाच ५१३ आणि ५२१ म्हटलेलं सापडेल. खालचे ६ बिट पहिल्यात, वरचे ३ दुसऱ्यात. डिकोडर १०० हवा असेल तर ६४ अधिक ३६, म्हणून सीव्ही १मध्ये ३६ आणि सीव्ही ९मध्ये १. सीव्ही १मध्ये थेट १०० लिहून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांत एकदा मीही होतो. काहीच जुळत नसेल तर मूळ सेटिंगवर परत आणा. बऱ्याच डिकोडरांत त्यासाठी सीव्ही ८मध्ये ८ लिहितात, पण आपल्या मॉडेलचं पुस्तिकेतूनच खात्री करून घ्या.

पायरी ४: अदलाबदल

आतापर्यंत वीज आहे आणि पत्ता बरोबर आहे हे नक्की झालं. आता संशयित मोटरची वायर त्याच डिकोडरच्या चालू आउटपुटला लावा आणि चालू मोटर संशयित आउटपुटला. बिघाड मोटरबरोबर सरकला तर दोष मोटर किंवा तिच्या वायरचा. आउटपुटपाशीच राहिला तर डिकोडरचा. या एका अदलाबदलीने जेवढं कळतं तेवढं तासभर मीटर घेऊन बसूनही कळत नाही.

मोटरऐवजी लावायला एक टेस्टर बनवून ठेवा: दोन एलईडी उलटसुलट समांतर जोडलेले आणि त्यांच्यासोबत १ किलोओहमचा रेझिस्टर. सोलेनॉइडच्या आउटपुटवर तो क्षणभर लुकलुकतो, म्हणून खोलीतला दिवा मंद करून बघा. स्टॉल मोटरच्या (टोकाला अडून उभी राहणाऱ्या, सतत वीज घेणाऱ्या मोटरच्या) आउटपुटवर एका बाजूला एक एलईडी आणि सांधा वळवला की दुसरा पेटतो.

पायरी ५: मोटर आणि तिचा स्वभाव

पॉवर बंद करून आधी बोटाने सांधा वळवा. अडतोय का? चिकटवलेल्या खडीचा एक कण पात्याशी बसला तरी मोटर हरते, आणि मग दोष येतो डिकोडरवर.

सोलेनॉइडच्या दोन कॉइलचा रोध मोजा. दोन्ही जवळपास सारख्या हव्यात. एकीत मीटर काहीच दाखवत नसेल तर ती तुटली, बरीच कमी दाखवत असेल तर आतले वेढे जळून एकमेकांना चिकटले. काही मोटरांमध्ये टोकाला पोचल्यावर करंट तोडणारे छोटे स्विच असतात. त्यांचे संपर्क काळे पडले की सांधा एकदा जातो आणि परतायचं नाव घेत नाही. बोटाने किंचित हलवल्यावर पुन्हा चालतो, तेव्हा दोषी तो स्विचच.

दुसरा प्रश्न आउटपुटच्या प्रकाराचा. सोलेनॉइडला क्षणभराचा जोरदार धक्का हवा. त्याच्या आउटपुटचं सेटिंग चुकून सतत चालूवर राहिलं तर कॉइल मिनिटभरात तापते, प्लॅस्टिक वितळतं, आणि जाताना ती ड्रायव्हरलाही (आउटपुट चालवणाऱ्या चिपलाही) घेऊन जाते. उलट टॉर्टॉइससारखी स्टॉल मोटर टोकाला अडून उभी राहिली तरी सुमारे १५ मिलिअँपिअरच घेते, आणि तिला सतत वीज लागते. ती धक्क्याच्या सेटिंगवर ठेवली तर जरा सरकून मध्येच थांबते. सर्वोला (पल्सच्या लांबीनुसार कोन धरणाऱ्या छोट्या मोटरला) ५ व्होल्ट आणि दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांची पल्स लागते. तो थरथरत किंवा गुणगुणत असेल तर आधी त्याचा ५ व्होल्टचा सप्लाय भाराखाली मोजा, मग वायर आखूड करा.

कपॅसिटरमध्ये वीज साठवून धक्का देणाऱ्या डिकोडरचं वेगळंच दुखणं असतं. रूट, म्हणजे एका हुकुमात अनेक सांधे, लावताना पहिला सांधा वळतो, दुसरा अर्धवट, तिसरा नाहीच. एकेकटे चालवले तर तिघेही ठणठणीत. कपॅसिटर पुन्हा भरायला वेळ मिळत नाही, एवढंच. रूटमध्ये दोन हुकुमांत अर्धा-एक सेकंद अंतर ठेवा. अंतर ठेवूनही पूर्वीसारखा जोर नसेल तर कपॅसिटर म्हातारा झाला. डोकं फुगलेलं दिसलं तर शंकाच नको.

पायरी ६: कधी चालतं, कधी नाही

इथे घाईचा उपयोग नाही. सगळे स्क्रू उलगडून पुन्हा आवळा, मोकळे धागे एकत्र पिळून किंवा फेरूल (वायरच्या टोकाला दाबायची धातूची नळी) लावून. सोल्डरचे मंद, दाणेदार जोड पुन्हा तापवा. बसच्या दोन वायर एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत का पाहा. लांब, सुट्या धावणाऱ्या वायरींवर सिग्नलच्या कडा बिघडतात आणि डिकोडर हुकूम टाकून देतो. लांब बसच्या शेवटी १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर एकामागे एक जोडून दोन वायरींमध्ये लावतात, त्याने बराच फरक पडतो.

संशयित डिकोडर टेबलावर काढा आणि हातभर वायरने थेट कमांड स्टेशनला जोडा. तिथे शंभरदा चालला आणि लेआउटवर नाही, तर डिकोडर पुन्हा निर्दोष.

आणि आपोआप वळणारे सांधे? आधी सॉफ्टवेअरमधले रूट आणि ऑटोमेशन बंद करून बघा. मग एकाच पत्त्यावर दोन डिकोडर बसलेत का ते. मग पॉवर चालू होतानाचं वर्तन: काही डिकोडर सुरू होताच सगळी आउटपुट शेवटच्या आठवणीतल्या जागी नेतात, आणि ते मुद्दामच तसं केलेलं असतं.

पायरी ७: आता बोर्ड

एवढ्यातून जो डिकोडर सुटला नाही, तो खरंच आजारी. भिंगातून पाहा, वास घ्या. अनेक बोर्डांवर आउटपुट चालवायला यूएलएन२८०३सारखी चिप असते. तिची एक वाट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअरची. तिला थेट मोठी कॉइल लावली की ती वाट जळते. मग ते आउटपुट एकतर कायम बंद, नाहीतर कायम चालू. चिप सॉकेटमध्ये असेल तर पाच मिनिटांत बदलता येते. पण चिप का जळली ते न शोधता बदलली तर पुढची चिपही तिच्या वाटेने जाते. आर्डुइनोवर घरी बनवलेला डिकोडर असेल तर ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग) पाहा. ६एन१३७ हा वेगवान प्रकार बहुतेक सगळे वापरतात; त्याऐवजी पीसी८१७ बसवला तर ५८ मायक्रोसेकंदांच्या कडा तो नीट पकडत नाही आणि डिकोडर मनाला येईल तेव्हाच ऐकतो.

मी हा क्रम लिहून काढला त्या आठवड्यात मेलेल्या डिकोडरांचा माझा डबा उघडला. पाच होते. दोघांचा पत्ता चारने सरकला होता, एकाला नुसतं मूळ सेटिंगवर आणायचं होतं, एकाला काहीच झालेलं नव्हतं. पाचव्याचं तिसरं आउटपुट खरंच जळलेलं आहे. उरलेल्या तीन आउटपुटांवर यार्डातले दिवे लावायचं ठरवलंय, आणि त्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलंय: ३ बंद.